आमची वाटचाल : पाणी मारायच्या पाळीपासून

मातीचा पुतळा दिवसातून दोनदा पाणी मागतो. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तीनदा. एक दिवस चुकला की कानाची पाळी, नाकाचं टोक आणि पदराची कड आधी तडकते, कारण तिथे माती पातळ असते. सांगाड्याची सळई वर आलेली असेल तिथेही तडा जातो : लोखंड आकसत नाही, माती आकसते.

आम्हा शिल्पकार बायकांच्या भागीदारी संस्थेचं मूळ या पाण्यात आहे. शिल्पकलेची पदविका घेतलेल्या मुली हात चांगला असूनही काम सोडतात, त्याचं कारण आम्हाला तरी हेच दिसतं. पुतळा दोन-तीन महिने ओला राहावा लागतो आणि घरातलं आजारपण, बाळंतपण, लग्नकार्य तेवढं थांबत नाही. एकटीने घरामागच्या पडवीत ऑर्डर घेतली की एका आठवड्याच्या खाड्यात महिन्याचं काम जातं. म्हणून आधी फक्त पाणी मारायची पाळी एकत्र केली. शेड, हत्यारं, हिशेब हे सगळं त्यानंतर आलं.

पाळीचे नियम साधे आहेत. पाणी फवाऱ्याने, बारीक तुषारांत मारायचं. धार लागली की केसांचं काम वाहून जातं. ओलं फडकं चेहऱ्याला टेकू द्यायचं नाही, नाहीतर विणीचा ठसा गालावर उमटतो. डोक्यात आणि खांद्यांत बांबूच्या काड्या खोचून त्यावर फडकं, त्यावर प्लॅस्टिक असा तंबू करायचा. शेवटी भिंतीवरच्या तक्त्यावर वेळ आणि सही.

माणसाच्या मापाच्या अडीच फुटी अर्धपुतळ्याला 80 ते 100 किलो माती लागते, सात फुटी उभ्या पुतळ्याला पाऊण ते एक टन. एवढं वजन नुसत्या सळईवर राहत नाही, ते खाली घसरतं. बांबूच्या दोन चिपा फुलीसारख्या बांधून बाइंडिंग वायरने सांगाड्यावर जागोजाग लटकवायच्या, याला बटरफ्लाय म्हणतात. छाती, पोट आणि फेटा इथे त्या दाट हव्यात. फेट्याचं वजन मानेवर येतं आणि मान इंचभर पुढे झुकली तरी ते आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासून कानाच्या रेषेत ओळंबा सोडून ठेवतो. भरण चौघींनी मिळून दोन दिवसांत उरकायची. चेहरा मात्र एकीचाच.

ती एक मध्येच थांबली तर? यावर आम्ही सगळ्यात जास्त डोकं लावलं. प्रत्येक पुतळ्याची एक वही असते. रोज काम थांबवताना चारही बाजूंनी फोटो घ्यायचे, कॅलिपरने मोजलेली मापं मिलिमीटरमध्ये लिहायची आणि दोन ओळी मजकूर. तो असा : ‘नाकाचं टोक ते हनुवटी 82. डावा कान अजून 3 मागे न्यायचा. गालाला हात लावू नये, कमिटीने पसंत केलाय.’ दुसरीने काम हाती घेतलं की या ओळीपलीकडे जायचं नाही. आपली शैली दुसरीच्या चेहऱ्यावर चढवण्याचा मोह शिल्पकाराला होतोच, वही त्याला आवर घालते.

महापुरुषाचा सार्वजनिक पुतळा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि क्ले मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. मान्यता येईपर्यंत साचा काढता येत नाही. हा काळ किती लांबेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून कोटेशनमध्येच ‘माती ओली ठेवण्याचा मासिक खर्च’ अशी वेगळी ओळ टाकतो. नव्या मुली ही ओळ लिहायला लाजतात. लाजू नये, ती मजुरीच आहे. पैसेही टप्प्याने घ्यावेत : ऑर्डरबरोबर 40 टक्के, मातीकाम पसंत पडल्यावर 30, धातूचे पैसे ओतकामाआधी आणि उरलेले गाडी भरताना. पुतळा चौथऱ्यावर चढल्यानंतर येणं उरलं की ते वसूल होणं फार अवघड.

साच्याला पीओपी कालवताना पावडर पाण्यात भुरभुरायची, पावडरीत पाणी ओतायचं नाही. दहा लिटर पाण्याला साधारण 14-15 किलो. पहिल्या थरात नीळ घालतो. नंतर साचा फोडताना छिन्नी निळ्या थरावर आली की पुतळा अर्ध्या इंचावर आहे हे कळतं.

फायबरचं काम सगळ्यात जपून. एक किलो रेझिनला, म्हणजे घट्ट होणाऱ्या पातळ राळेला, 10 ते 15 ग्रॅम कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) घालून पूर्ण ढवळायचं, मगच 10 ते 20 ग्रॅम हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्ही कॅन शेडच्या दोन टोकांना ठेवतो. उन्हाळ्यात हार्डनर कमी, नाहीतर रेझिनचा बादलीतच गोळा होतो. पावसाळी दमट हवेत पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मोठं फायबर घेतच नाही. तेव्हा शाडूचे गणपती असतात आणि हातखर्च त्यावर चालतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या सभासदेला रेझिनच्या वाफेजवळ फिरकू देत नाही. तिला मातीकाम, रेखांकन आणि मापाची वही, वाटा तेवढाच.

ब्राँझचं ओतकाम बाहेर करून घेतो, पण साच्याच्या आतून द्यायचा मेणाचा थर आमच्या हाताने लावतो. हे मेण वितळवून काढलं की त्याच जागी धातू भरतो, म्हणून नफा-तोटा मेणाच्या जाडीत ठरतो. धातू 85-5-5-5 : तांबे 85 टक्के, कथील, शिसे आणि जस्त पाच-पाच. पाच मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटरमागे 44 किलोच्या आसपास धातू जातो. मेण सात मिलिमीटर बसलं की तोच आकडा 61 किलो. हे 17 किलो आपल्या खिशातून जातात. म्हणून मेणात जागोजाग सुई टोचून जाडी मोजायची. धातू थंड होताना दीड ते दोन टक्के आकसतो, तेव्हा सात फुटी पुतळा मातीत सव्वा ते पावणेदोन इंच उंच धरायचा.

26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा कोसळला, त्यानंतर पुतळा समित्या आतल्या सांगाड्याबद्दल विचारतात. विचारायलाच हवं. ब्राँझच्या आत साधं लोखंड आणि ओल एकत्र आली की लोखंड झपाट्याने गंजतं. गंज फुगतो आणि जोड उकलतो. आत स्टेनलेस स्टील आणि तळाशी पाणी निघायला भोकं, एवढं ठेवलंच पाहिजे. डिझाइनवर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय आम्ही सहा फुटांवरचं काम घेत नाही.

शेड घेताना पहिला प्रश्न पूररेषेचा होता. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पुरात पीओपीच्या गोण्यांचे दगड होतात, मातीचा चिखल होतो, लाकडी स्टँड वाकतात. त्यामुळे भाडं जास्त पडलं तरी कुपवाडच्या अंगाला गेलो.

प्रत्येक कामाचे दहा टक्के सामायिक पेटीत जातात. त्यातून आगाऊ माल येतो आणि बाळंतपणातल्या सभासदेला दरमहा उचल मिळते. पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकार बसतात : हत्यारांसाठी 15,000 रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज. पण लाभ कुटुंबातून एकालाच. घरातल्या दुसऱ्या कुणी आधी नाव नोंदवलं असेल तर बाईचा अर्ज बाद होतो. नव्या सभासदेला हे पहिल्याच दिवशी विचारतो.

पहिले तीन महिने ती भरण, पाणी आणि साचे करते. मग तिला सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयात नेतो, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-मूल हे शिल्प पाहायला. दगडाच्या एका गोळ्यातून मूल कसं सुटतं आणि तरी वजन कुठे टेकलेलं राहतं, हे फोटोत दिसत नाही. भोवती फिरावं लागतं.

कोनशिलेवर पाहुण्यांची नावं येतात, शिल्पकाराचं बहुतेक वेळा राहून जातं. म्हणून सही ओल्या मातीतच करायची, साच्याआधी. मातीत असेल ते मेणात आणि मेणात असेल ते धातूत येतं. जागा उजव्या खांद्यामागे खाली, हार झाकणार नाही अशी. काम दोघींच्या हातून गेलं असेल तर दोन्ही नावं, एकाच मापाच्या अक्षरात. खोली तीन मिलिमीटर ठेवायची, कारण ओतकामानंतर ग्राइंडर अर्धा मिलिमीटर खातो आणि उथळ अक्षर पॉलिशमध्ये बुजतं.