आमची वाटचाल: बोंडूच्या यंत्रापासून सामानाच्या पिशवीपर्यंत

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही सुरुवात केली ती काजूचे बोंडू चिरडायच्या यंत्रांनी. त्याचा हंगाम मेअखेर आटोपतो. पावसाळ्यात लेथ रिकामा राहू नये म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी डिझाइनच्या प्रात्यक्षिकाच्या सामानाच्या पिशव्या भरू लागलो.

कल्पना आमची नव्हे, अमेरिकेतल्या एमआयटीच्या वुडी फ्लॉवर्स सरांची. '२.७०' या विषयात ते प्रत्येकाच्या हाती तेच सामान देत आणि त्यातून झालेल्या यंत्रांची लढत लावत. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची रोबो-स्पर्धाही याच वळणाची. तिथेही सर होतेच. २०१९ मध्ये ते वारले. सामान सारखं असलं की फरक उरतो तो डोक्याचा, आणि मुलांना सबब उरत नाही.

आमच्या पिशवीत १२ व्होल्टची गिअर मोटर, ८ मिमीचा शाफ्ट (फिरणारा दांडा), ६०८ नंबरची दोन बेअरिंग, ३ मिमी अ‍ॅक्रिलिक आणि एम४चे नट-बोल्ट असतात.

पहिली फजिती बहुधा यंत्राच्या हाताची होते. मोटरवर फिरवण्याचा जोर १० किलो-सेंमी लिहिलेला असतो. २० सेंमीचा हात अर्धा किलो उचलेल, असा मुलांचा हिशेब. पण हाताचंच वजन ३०० ग्रॅम आणि ते मध्यावर धरलं, तर ३ किलो-सेंमी तिथेच खर्ची पडतात. शिवाय तो १०चा आकडा मोटर अडकून थांबते तेव्हाचा. सतत चालवायला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे जाऊ नये, नाहीतर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळतं. म्हणजे रिकामा हात हलला तरी मिळवली! उपाय दोनच: हात आखूड करा, नाहीतर मागच्या बाजूला वजन बांधा.

दुसरं दुखणं ग्रब स्क्रूचं, म्हणजे चाक शाफ्टला आवळून धरणाऱ्या बिनडोक्याच्या बारीक स्क्रूचं. गोल शाफ्टवर तो कितीही आवळा, भार आला की शाफ्ट नुसता फिरतो आणि चाक जागीच राहतं. कानशीने शाफ्टला अर्धा मिलिमीटर सपाटी द्यायची आणि स्क्रू बरोबर तिच्यावर बसवायचा. अ‍ॅक्रिलिकमध्ये भोक कडेपासून निदान त्याच्या व्यासाच्या दुप्पट आत घ्यावं, खाली लाकूड ठेवून, ड्रिल हळू चालवत. बेअरिंग ठोकून बसवलं तर तडा गेलाच म्हणून समजा.

इथल्या खाऱ्या दमट हवेत साधे बोल्ट लवकर गंजतात, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेलेच घालतो. ग्रब स्क्रू मात्र दोन जास्तीचे, ते हरवतातच.