आजीची टाफी : सातवा घाणा

काल सातवा घाणा उतरवला आणि पाक साखरला नाही! आधीचे सहाही घाणे ताटात ओतेपर्यंत गुळगुळीत दिसायचे आणि गार होता होता रवाळ व्हायचे.

प्रमाण तेच ठेवलंय: एका नारळाचा पहिला दाट रस, १५० ग्रॅम गूळ, तेवढीच साखर, चमचाभर तूप. गूळ घाटावरचा, कोल्हापूरकडचा. आजीही तोच घ्यायची. बदल केला तो एकच, आणि तो काकांनी सांगितला.

ही टाफी (आजी असंच म्हणायची) आमच्या मालवणच्या घरात १९८२ च्या मे महिन्यात आली. त्याआधी काका गिरणीतून रजेवर आले की ट्रंकेत टॉफ्यांचा डबा ठरलेला. त्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. काका आले ते रिकाम्या हाताने, आणि परत गेलेच नाहीत. आम्ही पोरं डब्यासाठी ट्रंक उपसत होतो. आजीने पाहिलं, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चुलीवर कल्हईचा टोप चढवला. ती लाकडं सारायची, ढवळायला काका. तासभर, मान वर न करता. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, मग ताटलीत आपटायचा. 'टण्ण वाजाक व्हयो,' आजी म्हणायची. माझ्या थर्मामीटरवर साखरेचा पाक १४९ अंशांच्या पुढे असा वाजतो, पण गूळ तिथवर करपू लागतो. म्हणून मी १४५ ला उतरवतो.

परवा काकांना सहाव्या घाण्याचा तुकडा दिला. बराच वेळ चघळून म्हणाले, 'ह्यात आगळ खंय आसा?'

कोकमाचं आगळ! साखर-गूळ विरघळताना, रस घालायच्या आधी, आजी चमचाभर घालायची म्हणे. आंबटामुळे थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ते मध्ये आल्यावर साखरेचे कण एकमेकांना धरत नाहीत. शिवाय आगळ खारवलेलं. ती किंचित खारट चव मी सहा घाणे तुपात शोधत होतो.

अडचण आता पावसाची. हीच फुटलेली साखर हवेतलं पाणी ओढते; सकाळी तुकडे एकमेकांना चिकटलेले. आठव्या घाण्याला आगळ अर्धाच चमचा, आणि तुकडे भाजलेल्या तांदळाच्या पिठीत घोळवून लगेच बरणीत.

ढवळायला काका बसणार आहेत.