प्रतिजैविकांविना ब्रॉयलर: लक्ष खाद्याइतकेच पाण्याकडे
प्राण्यांच्या वाढीसाठी त्यांच्या खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) मिसळण्यास युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमधील कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा वापर थांबवला, कारण इतर औषधे निकामी ठरल्यावर माणसाला वाचवण्यासाठी जी मोजकी औषधे उरतात, त्यांपैकी ते एक आहे. असे औषध कोंबडीचे वजन वाढवण्यासाठी खर्ची घालणे मला मुळातच अमान्य आहे.

पर्यायांचा विषय निघाला की आपल्याकडे हळद, लसूण आणि ओवा ही नावे प्रथम येतात. ओव्यातील थायमॉल आणि लसणातील ॲलिसिन जीवाणूंना मारक आहेत, हे खरे. परंतु पिकागणिक आणि साठवणुकीगणिक त्यांचे प्रमाण बदलत असल्यामुळे केवळ पूड मिसळून दर बॅचला सारखा परिणाम मिळेल, अशी अपेक्षा धरू नये.

माझा अधिक भरवसा सेंद्रिय आम्लांवर आहे. फॉर्मिक आम्ल ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या पेशीत शिरून तेथे विघटित होते, आणि आत वाढलेली आम्लता बाहेर टाकण्यातच त्या जीवाणूंची शक्ती संपते. ब्युटिरिक आम्ल तर आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषणच करते. प्रोबायोटिकमध्ये, म्हणजे आतड्याला उपकारक जिवंत जीवाणूंमध्ये, बॅसिलस सबटिलिस निवडावा, कारण त्याचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाची उष्णता सोसतात.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र खाद्यातील कोणताही पूरक पदार्थ अपुरा पडतो, कारण धापा टाकणारा पक्षी खाणेच कमी करतो आणि उष्णतेच्या ताणाने त्याच्या आतड्याचे अस्तरही कमकुवत होते. अशा वेळी पाण्यातून दिलेले आम्ल उपयोगी ठरते. करारावर पक्षी वाढवणाऱ्याला कंपनीचेच खाद्य वापरावे लागते, तरी पाणी त्याच्या हाती असते. बोअरचे पाणी जड असल्यास आम्ल अधिक लागते, म्हणून सामू (पीएच) मोजूनच मात्रा ठरवावी; आणि क्लोरीन घातलेल्या पाण्यात प्रोबायोटिक कधीही मिसळू नये, कारण त्यातील जिवंत जीवाणू मरतात.

पाणी पिण्याच्या निपलमधून गळणाऱ्या पाण्याने पक्ष्यांखालच्या गादीतील (लिटर) धानाचा तूस ओला राहिला, तर कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवीजन्य रोग बळावतो आणि त्याने जखमी केलेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम हा जीवाणू फोफावतो. तेथे कोणताही अर्क पुरेसा ठरत नाही. पक्षी खरोखर आजारी पडले, तर पशुवैद्यकाकडून मृत पक्ष्याचे शवविच्छेदन करून घ्यावे, औषध त्यांच्याच सल्ल्याने द्यावे आणि विक्रीपूर्वीचा औषधमुक्त कालावधी काटेकोरपणे पाळावा.