बेदाणा शेडमधला सेन्सर आणि ९०० ओळींचा ड्रायव्हर : साफसफाईची तिसरी नोंद

तासगावजवळ मामांची बेदाण्याची शेड आहे. द्राक्षे जाळीवर पसरल्यानंतरचे दोन आठवडे शेडमधली हवा किती कोरडी राहते यावर माल कसा उतरणार हे बरेचसे ठरते, म्हणून गेल्या हंगामात मी तेथे एसएचटी २१ हा आर्द्रता आणि तापमान मोजणारा छोटा सेन्सर रास्पबेरी पाय ३ या लहानशा संगणकाला जोडून टांगला. बोर्डासोबत विक्रेत्याने लिनक्स कर्नलचा (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा) ड्रायव्हर, सेन्सरशी बोलणारा कोड, दिला होता : सी भाषेतली एकच फाइल, सुमारे ९०० ओळी, ४.९ या आवृत्तीसाठी म्हणजे २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या कर्नलसाठी लिहिलेली. माझ्याकडच्या ६.१२ वर ती कंपाइलही होत नव्हती. सांगलीत घरी संध्याकाळी वेळ मिळेल तसा मी हा कोड साफ करत आहे, आणि या नोंदीत गेल्या पाच आठवड्यांत काय झाले ते लिहिते.

पहिला प्रश्न जाणकार विचारतीलच, तेव्हा त्याचे उत्तर आधी देते. कर्नलच्या हार्डवेअर मॉनिटरिंग विभागात एसएचटी २१ चा ड्रायव्हर आधीपासून आहे, मग विक्रेत्याची जुनी फाइल उगाळत का बसायचे? कारण असे की कर्नलमधला ड्रायव्हर सेन्सरला थांबवून ठेवण्याच्या पद्धतीने वाचतो, म्हणजे मोजमाप पूर्ण होईपर्यंत सेन्सर त्याला पायशी जोडणाऱ्या आयटूसी या दोन तारांच्या बसमधली ताल देणारी क्लॉकची तार खाली धरून ठेवतो. पाय ३ पर्यंतच्या चिपमधल्या आयटूसी भागात नेमका या क्लॉक ताणण्याच्या बाबतीत हार्डवेअरचा जुना, सर्वांना ठाऊक असलेला दोष आहे आणि त्यामुळे अधूनमधून बिट बिघडतात. त्यातच हा ड्रायव्हर आकड्याचे दोनच बाइट वाचतो. तिसरा, म्हणजे आकडा वाटेत बिघडला का ते पडताळायचा सीआरसीचा बाइट, तो मागतच नाही, त्यामुळे बिघडलेला आकडा ओळखायला त्याच्याकडे काही साधन उरत नाही. विक्रेत्याचा ड्रायव्हर मात्र एफ-३ किंवा एफ-५ ही न थांबवणारी आज्ञा देतो, ठरावीक वेळ वाट पाहतो आणि मग तीनही बाइट उचलतो. कोड गचाळ असला तरी त्यामागचा विचार योग्य होता, म्हणून तो वाचवावासा वाटला.

कंपाइल होण्यापुरती डागडुजी दोन संध्याकाळींत आटोपली. आयटूसी ड्रायव्हरचे रिमूव्ह फंक्शन ६.१ पासून काहीच परत करत नाही, कारण उपकरण काढले जात असताना परत आलेल्या त्रुटीचे पुढे कोणी काही करू शकत नव्हते. मजकूर उतरवून घेणारे स्ट्रएलकॉपी हे फंक्शन ६.८ मध्ये कर्नलमधून कायमचे गेले. लांबी सांगण्यासाठी ते मूळ मजकूर शेवटापर्यंत वाचत जायचे आणि शेवटचा शून्य नसेल तर हद्दीबाहेर जायचे. त्या सहा जागी स्ट्रएसकॉपी आले, मात्र दोहोंची परत येणारी किंमत वेगळी असल्याने प्रत्येक जागा उघडून पाहावी लागली. बाकीचे बदल किरकोळ होते.

त्यानंतर चेकपॅच ही कर्नलची कोडशैली तपासणारी स्क्रिप्ट चालवली. पहिल्याच फेरीत इशाऱ्यांचा आकडा दोनशेच्या वर गेला, आणि खरे सांगायचे तर तो आकडा खाली आणण्याचे व्यसन लागते. टॅबच्या जागी आठ स्पेस, कंसाआधीची मोकळी जागा, मोठी-लहान अक्षरे मिसळलेली नावे, असल्या गोष्टींचा पहिला आठवडा मी अगदी आनंदाने केर काढला. ओळींच्या लांबीबद्दल फारशी कटकट झाली नाही, कारण या स्क्रिप्टची मर्यादा २०२० मध्ये ८० वरून १०० अक्षरांवर नेली गेली. या टप्प्यात एक सवय उपयोगी पडली : केवळ दिसण्यातले बदल वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या वेगळ्या नोंदीत) ठेवायचे आणि प्रत्येक कमिटच्या आधीची व नंतरची, कंपाइल होऊन निघालेली ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडंप या साधनाने उलगडून यंत्राज्ञा जशाच्या तशा आहेत ना ते ताडून पाहायचे. नुसती फाइल फाइलशी जुळवून चालत नाही, कारण ओळींचे क्रमांक सरकले की डीबग माहिती बदलते. यंत्राज्ञांचा भाग तेवढा पाहायचा. दोनदा फरक निघाला, आणि दोन्ही वेळा मी नाव बदलताना भलताच व्हेरिएबल उचलला होता.

दोनशे इशारे संपले तेव्हा ड्रायव्हर देखणा झाला होता आणि आत तितकाच सडका होता. या फाइलमधली सर्वांत वाईट ओळ चेकपॅचला दिसलीच नव्हती. मोजमापाची आज्ञा दिल्यावर कोड एमडिले या फंक्शनने ८५ मिलिसेकंद वाट पाहत होता. आकडा बरोबर आहे, १४ बिटांचे तापमान मोजायला या सेन्सरला जास्तीत जास्त तेवढाच वेळ लागतो. पण एमडिले म्हणजे झोपणे नव्हे, प्रोसेसरला जागच्या जागी पळवत ठेवणे. ते बदलून मी खरोखर झोपणारे एमस्लीप केले, डीबगचे पर्याय चालू ठेवून बांधलेल्या कर्नलवर मॉड्यूल चढवले, आणि अणुस्थितीत, म्हणजे झोपायला मनाई असताना, झोपायचा प्रयत्न झाल्याची तक्रार लॉगमध्ये पानभर पसरली. पाहते तर आज्ञा देणे, थांबणे आणि वाचणे हे सगळे एका स्पिनलॉकच्या, म्हणजे ज्याच्या आत झोपता येत नाही अशा कुलपाच्या, आत चालले होते. गंमत म्हणजे ही तक्रार केवळ माझ्या एमस्लीपची नव्हती. आयटूसीची देवाणघेवाण स्वतःच झोपू शकते, तेव्हा मूळ कोडही पहिल्या दिवसापासून चुकीचाच होता. मग तो विक्रेत्याकडे चालला कसा? माझा अंदाज असा की त्याचा चाचणीचा बोर्ड एकाच कोअरचा असावा. एका कोअरसाठी, प्रीएम्प्शनशिवाय (चालू काम मध्येच थांबवण्याच्या सोयीशिवाय) बांधलेल्या कर्नलमध्ये स्पिनलॉक कंपाइल होताना जवळजवळ नाहीसाच होतो, त्यामुळे कुलूप चुकीचे आहे हे कळायला मुळात कुलूपच नसते. माझ्या पायवर चार कोअर आहेत. स्पिनलॉकच्या जागी म्यूटेक्स (आत झोपू देणारे कुलूप) आला, पण तो बदल एमस्लीपच्या आधीच्या कमिटमध्ये घातला, म्हणजे उद्या कोणी बायसेक्ट करताना, म्हणजे चूक कोणत्या कमिटमध्ये शिरली ते शोधताना, मधल्या कमिटवर उतरले तर त्याला मोडका ड्रायव्हर मिळू नये.

आता या नोंदीतला माझा आवडता भाग. फाइलच्या मध्यावर 'इफ शून्य' लावून बंद केलेला बारा ओळींचा तुकडा होता, आणि चेकपॅचने सरळ सुचवले होते की असा मेलेला कोड काढून टाकण्याचा विचार करावा. पहिल्या आठवड्यातल्या उत्साहात तो मी काढणारच होते. नशिबाने त्या दिवशी वीज गेली. दुसऱ्या दिवशी तो वाचला तेव्हा कळले की ती आर्द्रतेच्या सीआरसीची तपासणी आहे; तापमानाची तपासणी चालू आणि आर्द्रतेची तेवढी बंद. एकाच सेन्सरमधून, एकाच पद्धतीने येणाऱ्या दोन आकड्यांपैकी एकाचीच तपासणी कोणी का बंद करील?

उत्तर सेन्सरच्या माहितीपत्रकात होते. आलेल्या १६ बिटांपैकी शेवटचे दोन बिट मोजमापाचे नसून स्थितीचे असतात, आणि त्यातला वरचा बिट तापमानासाठी ० आणि आर्द्रतेसाठी १ असतो. गणिताला बसण्याआधी हे दोन बिट पुसावे लागतात. विक्रेत्याच्या कोडने ते आधी पुसले आणि मग सीआरसी काढला, पण सेन्सरने सीआरसी काढलेला असतो तो न पुसलेल्या बाइटांवर. तापमानात तो बिट मुळातच शून्य असल्याने पुसून काही बदलत नाही आणि तपासणी उत्तीर्ण होते. आर्द्रतेत एकाचा शून्य होतो आणि तपासणी दरवेळी नापास होते. लिहिणाऱ्याने कारण न शोधता तपासणीलाच झोपवले. दोन ओळींची अदलाबदल केली आणि तपासणी जागी झाली. सीआरसीची २५६ घरांची हाताने लिहिलेली सारणीही त्याच वेळी गेली, कारण कर्नलच्या स्वतःच्या सीआरसी ८ लायब्ररीला ३१ हा षोडशमान बहुपद दिला की ती सारणी भरून देते. सेन्सरच्या निर्मात्याने दिलेला नमुना, डीसी या एका बाइटाचा सीआरसी ७९, मी आधी कागदावर आठ पायऱ्यांत सोडवला आणि मगच कोडवर विश्वास ठेवला. कर्नलच्या दस्तऐवजांतही शैली तपासणाऱ्या या स्क्रिप्टला मार्गदर्शक मानावे, माणसाच्या निर्णयाची जागा तिला देऊ नये, असे म्हटलेले आहे. त्याचा अर्थ मला त्या बारा ओळींनी शिकवला. कुठे पाहायचे हे इशारा सांगतो, तिथे काय करायचे हे त्याला माहीत नसते.

इतके शहाणपण आल्यावर मी स्वतः जी चूक केली तीही लिहायला हवी. आर्द्रतेचे सूत्र सोपे आहे : सेन्सरचा आकडा १२५ ने गुणायचा, ६५५३६ ने भागायचा आणि ६ वजा करायचे. कर्नलमध्ये अपूर्णांकांचे गणित वापरत नाहीत, आणि जुना कोड पूर्ण टक्क्यांतच उत्तर द्यायचा. मला हार्डवेअर मॉनिटरिंगच्या रिवाजाप्रमाणे टक्क्याच्या हजाराव्या भागात उत्तर हवे होते, म्हणून १२५ चे मी बिनदिक्कत १,२५,००० केले. घरी दुपारी तपासले, आकडा २४ टक्के, पटण्यासारखा. शेडमध्ये लावले, दुपारभर ठीक. संध्याकाळी मामांचा फोन आला : "अगं, तुझं यंत्र उणे पंचवीस दाखवतंय. हवेतली ओल संपून आता माझ्या बेदाण्यातली काढायला लागली का काय?"

हा गुणाकार ३२ बिटांच्या सचिन्ह संख्येत मावत नव्हता. सेन्सरचा आकडा साधारण १७,१८० च्या वर गेला की तो उलटतो, आणि १७,१८० म्हणजे २६.८ टक्के आर्द्रता. मार्चमधल्या कोरड्या दुपारी आर्द्रता त्याखाली होती म्हणून सगळे बरोबर दिसले. संध्याकाळी ती ४० टक्क्यांवर गेली आणि त्या जागी उणे २५.५ उमटले. कागदावर करून पाहिले तर ४० चे बरोबर तितकेच होते, त्यामुळे शंका उरली नाही. उपाय कर्नलमधल्या ज्या ड्रायव्हरला मी पहिल्या परिच्छेदांत नावे ठेवली त्याच्यातच होता : १,२५,००० आणि ६५५३६ या दोघांना ८ ने भागून १५,६२५ ने गुणायचे आणि १३ बिट उजवीकडे सरकवायचे. सर्वांत मोठ्या आकड्यालाही गुणाकार १०३ कोटींच्या आत राहतो आणि मर्यादा २१४ कोटींच्या पुढे आहे. तापमानाला हाच न्याय, तिथे गुणक २१,९६५. आता या फंक्शनला मी ०, १७,१८०, २४,११७ आणि ६५,५३५ हे चार आकडे देऊन केयुनिट या कर्नलच्या चाचणीच्या चौकटीत छोटी चाचणी लिहिली आहे. घरातल्या हवेवर चाचणी घेणे हा सांगलीच्या उन्हाळ्यावर फारच भरवसा ठेवणे झाले.

उपकरण जोडले की चालणाऱ्या प्रोब फंक्शनमधल्या गोटूंच्या उतरंडीबद्दल थोडक्यात. काही बिघडले तर घेतलेले सोडून देण्यासाठी गोटूने उडी मारायची सात लेबले होती आणि त्यांतली दोन उलट्या क्रमाने लावलेली होती. डेव्हएम जातीची फंक्शने वापरली की उपकरण जाताना संसाधने घेतल्याच्या उलट क्रमाने आपोआप सुटतात, त्यामुळे सातही लेबले गेली. पण दर दोन सेकंदांनी वाचन करणारे जे विलंबित काम होते ते मी थांबवायचे विसरले; मॉड्यूल काढल्यावर मेमरी सुटली आणि दोन सेकंदांनी ते काम मोकळ्या झालेल्या मेमरीत पाय ठेवायला गेले. काम आपोआप रद्द करणारे डेव्हएम फंक्शनही कर्नलमध्ये आहे. शेवटी मी ते कामच काढले : कोणी वाचायला आले तरच मोजायचे. त्यासोबत कॅरेक्टर डिव्हाइस (उपकरणाशी बोलायची विशेष फाइल), त्याचा क्लास आणि त्याचे आयऑक्टल (त्याला आज्ञा देण्याची सोय) हे सगळे गेले, आणि ज्या क्लास क्रिएट फंक्शनची ६.४ मध्ये बदललेली सही (त्याला काय काय द्यायचे ती यादी) दुरुस्त करायला मी पहिल्या दिवशी अर्धा तास घालवला होता ती ओळही गेली. तेव्हा आधी काय काढायचे ते ठरवून मग कंपाइलच्या मागे लागले असते तर बरे झाले असते.

फाइल आता ३१० ओळींची आहे. चेकपॅचचे तीन इशारे मुद्दाम ठेवले आहेत. तिन्ही एमस्लीपबद्दलचे आहेत. २० मिलिसेकंदांहून लहान एमस्लीप प्रत्यक्षात २० पर्यंत लांबू शकतो असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे. पण रीसेटनंतर सेन्सरला १५ मिलिसेकंद लागतात, मी १५ मागते, २० मिळाले तरी कोणाचे काही अडत नाही, आणि तिन्ही जागा तशाच आहेत.

सीआरसीची तपासणी जागी झाल्यावर नवीनच गोष्ट समोर आली. शेडमध्ये रात्रभरात बरीच वाचने नापास होत होती, घरी एकही नाही. दोन दिवस मी ड्रायव्हरमध्येच चूक शोधली. फरक तारेचा होता : घरी वीतभर, शेडमध्ये पायपासून जाळीच्या वरच्या थरापर्यंत चार मीटर. आयटूसीच्या तारांची एकूण धारिता ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवायची असते आणि ही बस मुळात एका बोर्डवरच्या चिपांसाठी आहे. बसचा वेग १०० किलोहर्ट्झवरून १० वर आणला, आणि त्यानंतरच्या तीन रात्रींत एकही वाचन नापास झालेले नाही. म्हणजे गेल्या वर्षी आर्द्रतेचे जे अचानक उंच सुळके दिसत होते आणि मामांनी ज्यांचा दोष रात्रीच्या दवाला दिला होता, त्यांतले निदान काही या तारेतून आलेले असणार.

न थांबवणारी पद्धत आणि सीआरसी या दोन गोष्टी कर्नलमधल्या ड्रायव्हरमध्येच घालता येतील का, ते आता पाहते आहे. तसे झाले तर माझी ३१० ओळींची फाइलही लागणार नाही. दोन पॅच वेगवेगळे काढले आहेत, आधी सीआरसीचा आणि मग पद्धतीचा. मामांच्या शेडमधली शेवटची जाळी रिकामी होईपर्यंत ते तिथेच चालू राहतील, आणि मगच कर्नलवाल्यांकडे पाठवीन.