मुंग्यांसाठी कुणी ऑपरेशन करतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डाव्या मनगटावरचा व्रण दिसला की प्रश्न ठरलेला: "बोटांना मुंग्या सगळ्यांनाच येतात, त्यासाठी कापाकापी कशाला?"

मीही दोन वर्षं हेच म्हणत होते. रात्री दोन-तीनला हात बधिर होऊन जाग यायची, झटकला की बरं वाटायचं. झटकून जातो तो आजार कसला? कुणी बी-ट्वेल्व्ह म्हणालं, गोळ्या घेतल्या. पण ते कमी असलं की बहुतेकदा पायांनाही मुंग्या येतात. माझे पाय ठणठणीत.

मग ती पैठणी. लग्नसराई, ब्लाउज सकाळी द्यायचा, रात्री हूक लावत बसले होते. मोतिया अस्तरावर लाल ठिपका दिसला. वाटलं, कुंकू सांडलं. बोटानं पुसायला गेले तर ठिपका पसरला. बोट उलटून पाहिलं, तर्जनीच्या पेरावर सुईची तीन-चार भोकं, आणि मला एकही टोचलेली कळली नव्हती. गार पाणी, मीठ, थुंकी, सगळं केलं. शेवटी रात्रीत अस्तर बदललं. गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. अजून ती भेटली की मी नजर चुकवते.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "करंगळी बधिर होते का?" म्हटलं, अख्खा हातच. "आज रात्री नीट बघा." बघितलं; करंगळी शाबूत! करंगळी बधिर होते ती सहसा कोपरापाशी नस दबल्यावर. मान वळवली की कळ हातात उतरते, तेव्हा मानेकडे बघतात. माझी नस मनगटात दाबली गेली होती. रक्त तपासलं: साखर ठीक, थायरॉईड निघाला. वेळेवर आले असते तर रात्री मनगटाला पट्टा बांधून कदाचित भागलं असतं. पण अंगठ्याच्या बुडाची मांसल गादी झिजून बसली होती, म्हणून ऑपरेशन.

आणि अचानक एकच हात बधिर, तोंड वाकडं, बोलणं जड झालं, तर मला फोन करू नका. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

ऑपरेशननंतर झोप परत आली. गादी मात्र भरली नाही, बटण अजून चिमटीतून निसटतं. "आधी का नाही गेलात?" दिवाळीची शिलाई टाकून तुम्ही गेला असतात? गेलाही असतात, काय सांगावं.

हल्ली उजव्या हातालाही मुंग्या येतात. पट्टा आणलाय. मशीनच्या खणात आहे.