कोंबडी गप्प बसली की लगेच बघा

कोंबडी आजार लपवते, कारण कळपात कमजोर दिसली की बाकीच्या टोचायला लागतात, त्यामुळे आपल्याला कळतं तोपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून मी रोज सकाळी दाणे टाकताना कोण धावत येत नाही तेच आधी बघते. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली कोंबडी म्हणजे काहीतरी नक्की बिघडलंय, मग तुरा फिका किंवा जांभळट झालाय का, श्वास तोंड उघडून घेतेय का, विष्ठेत रक्त आहे का ते बघायचं. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी रिकामी हवी, रात्रभरानंतरही भरलेली लागली तर अन्न अडकलंय.

शेपटी खाली टाकून सारखी जोर लावत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, तेव्हा कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवायचं, पण पोट अजिबात दाबू नका प्लीज, अंडं आत फुटलं तर जीवावर बेततं.

आधी तिला वेगळं ठेवा, ऊब द्या, पाणी जवळ ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मनाने अँटिबायोटिक देऊ नका, ती अंड्यातही उतरतात. आणि एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, बर्ड फ्लू माणसालाही होऊ शकतो.