गंगेच्या काठी रात्रीची वांब

गोदावरीत, म्हणजे आपल्या गंगेत, वांब हा सापासारखा लांबट मासा. ती दिवसा दगडांच्या कपारीत दडते आणि अंधार पडला की तळाशी चरायला निघते. म्हणून पैठण, गंगाखेड, नांदेड, कुठेही असा. दगड संपून गाळ सुरू होतो ती कड दिवसाउजेडीच हेरून ठेवा. भर खडकात गळ टाकला तर तो अडकलाच समजा.

0.35 मिमीचा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, घ्या. त्यात मधोमध भोक असलेलं 20-30 ग्रॅमचं शिसं ओवा, मग मणी, मग स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि पुढे तंगुसाचाच दीड फुटाचा तुकडा. शिसं तंगुसावर मोकळं सरकलंच पाहिजे. ते गाठीने पक्कं केलं की वांबीला वजन जाणवतं आणि ती गांडूळ सोडून देते. गळ लहान, लांब दांडीचा. गांडूळ दांडीवर चढवून शेपूट अर्धा इंच वळवळती ठेवा.

घाई इथेच नडते. वांबीचं तोंड बारीक, पहिले टकटक धक्के म्हणजे नुसतं चाचपणं. तंगूस संथपणे ओढला जाऊ लागला की मगच उचला आणि तिथून ढील देऊ नका. एकदा कपारीत शिरली की पाठीचे काटे रोवून बसते, मग तंगूसच तुटतो. वर आली की ओल्या गोणपाटात धरा, उघड्या हाताने नको. शिंगाडा मासा लागला तर त्याचे काटे आणखी वाईट.

पायात बूट हवेतच, मण्यार रात्रीच फिरते. वरच्या धरणातून पाणी सुटणार असेल तर काठावर बसूच नका. आषाढ-श्रावणात अंड्यांनी भरलेली वांब परत सोडा.